प्रवासाची फाइल : ऑगस्ट ते डिसेंबर

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

२७ डिसेंबरला बाबांची पंचाहत्तरी. साडेतीन वर्षे झाली घरी जाऊन. या वेळी जायचेच, असे ठरवून आज या नोंदी सुरू करते आहे. ऑफिसात कुठलेही काम हाती घेतले की पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवते. घरातले सर्वांत जोखमीचे काम मात्र आजवर आठवणीवर चालले होते.

सध्याची स्थिती अशी. मी एच-१बी या नोकरदारांच्या दर्जावर, अमेरिकेतले आठवे वर्ष. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर आहे, म्हणून सहा वर्षांची मर्यादा उलटल्यावरही मुदतवाढ मिळाली. पिटिशन, म्हणजे मला कामावर ठेवण्यासाठी कंपनीने केलेला अर्ज, सप्टेंबर २०२७ पर्यंत चालेल. नवरा एच-४वर, म्हणजे माझा जोडीदार म्हणून मिळालेल्या दर्जावर. लेक पाच वर्षांची, जन्माने अमेरिकन नागरिक. आम्हा दोघांच्या पासपोर्टवरचे व्हिसा गेल्या वर्षीच संपले.

हे ऐकून दादा फोनवर घाबरला. "व्हिसा संपला म्हणजे तुम्ही तिथे बेकायदा राहताय का?" त्याला समजावताना मलाच नीट मांडता आले, म्हणून लिहून ठेवते. व्हिसा फक्त आत येण्यापुरता. आत आल्यावर किती दिवस राहायचे ते आय-९४ ही प्रवेशाची नोंद ठरवते. कोणत्या कामासाठी, कोणाकडे, कधीपर्यंत, ते आय-७९७ ही मंजुरीची नोटीस सांगते. व्हिसा संपला तरी इथे राहून काम करता येते. एकदा बाहेर पडले की मात्र नवे स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, झाल्याशिवाय परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या तीस दिवसांच्या आतल्या फेरीला सवलत आहे, भारताला ती लागू नाही.

दुसरी गोष्ट : जुलैच्या शेवटी जाहीर झाले की २ सप्टेंबरपासून ड्रॉपबॉक्सची सोय जवळजवळ बंद. म्हणजे पासपोर्ट नुसता टाकून यायचे दिवस गेले. आम्हा दोघांनाही भारतातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत द्यावी लागणार.

शनिवार, ९ ऑगस्ट

जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडले. आज फक्त तारखा बघायच्या, असे ठरवले होते.

माझा पासपोर्ट मे २०२६ मध्ये संपतो. आधी वाटले, चालेल की. अमेरिकेतल्या मुक्कामानंतरही सहा महिने पासपोर्ट चालू असावा असा एक नियम आहे, पण काही देशांना अमेरिकेने त्यातून सूट दिली आहे आणि भारताचे नाव त्या यादीत आहे. विमानात बसता येईल, प्रवेशही मिळेल. खरी अडचण त्यानंतरची. पिटिशन २०२७ पर्यंत असले तरी विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. म्हणजे मंजुरी सप्टेंबर २०२७ ची, आणि राहण्याची परवानगी मे २०२६ ला संपलेली.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे असेच झाले होते. तो आय-७९७ वरची तारीख धरून निश्चिंत होता. आय-९४ कधी उघडून बघितलेच नाही. दुसऱ्याच एका कामासाठी वकिलाने ते मागितले, तेव्हा कळले की तीन आठवडे उरलेत. नवा पासपोर्ट, मग मुदतवाढीचा अर्ज, त्या तीन आठवड्यांत त्याची झोप उडाली होती. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर आधी आय-९४ बघायचे, हे मी त्याच्याकडून शिकले.

२०१३ पासून विमानाने येणाऱ्यांना आय-९४ चा कागद हातात मिळत नाही, नोंद संगणकावर होते. त्यामुळे ती आपणच संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत नाव, जन्मतारीख, दर्जा आणि शेवटची तारीख तपासायची. चूक असेल तर सीबीपी या सीमा तपासणी खात्याच्या कार्यालयात जाऊन दुरुस्त करून घेता येते, पण ती आपल्या लक्षात आधी यायला हवी.

ठरले : पहिले काम पासपोर्ट. मुदत संपायला वर्षापेक्षा कमी उरले की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणजे आताही करता येईल.

शनिवार, १६ ऑगस्ट

आजचा पूर्ण दिवस नावात गेला. असे होणार हे माहीत होते, म्हणूनच टाळत आले होते.

आपल्याकडे नाव तीन पदरी. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. लग्नानंतर मधले नाव नवऱ्याचे, आडनाव सासरचे. माझी पदवी आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या. पासपोर्ट लग्नानंतरचा. पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही. आडनाव एका ओळीत आणि बाकी सगळे दुसऱ्या ओळीत. इकडच्या अर्जांत मात्र मधल्या नावाचा वेगळा रकाना असतो. त्यामुळे कुठे नवऱ्याचे नाव माझ्या नावाला चिकटले आहे, कुठे मध्ये गेले आहे, कुठे त्याचे नुसते आद्याक्षर उरले आहे, आणि ड्रायव्हिंग लायसनवर तर ते नाहीच.

यातले एकही चुकीचे नाही, पण तिऱ्हाईताने चार कागद शेजारी ठेवले तर त्याला चार बायका दिसतील. शिवाय मधले नाव पुरुषाचे का, हा प्रश्न ज्याच्या भाषेत असे नाव नसते त्याला पडणारच. हे नाव माझ्या घराण्याची ओळख आहे. मी ते कुठून काढून टाकणार नाही. पण ते समजावून देण्याची जबाबदारी माझी.

म्हणून एक पान केले. डाव्या बाजूला कागद, उजवीकडे त्यावरचे नाव जसेच्या तसे, अक्षर न अक्षर. अकरा कागद, पाच रूपे. खाली दोन ओळी : लग्नाआधीचे पूर्ण नाव, लग्नानंतरचे पूर्ण नाव, आणि दोहोंना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. व्हिसाच्या अर्जात पूर्वी वापरलेल्या नावांचा प्रश्न असतो, तिथे माहेरचे नाव लिहायचेच.

वाद झाला तर प्रमाण कोणते? पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळी. प्रत्येकी ४४ खुणा. पहिल्या ओळीत नावासाठी ३९ जागा, आडनाव आधी, मग दोन कोनी खुणा (<<), मग बाकीचे नाव. माझे सगळे मिळून २९ होतात, म्हणजे मावते. ज्यांचे लांबलचक आडनाव आणि तितकेच लांब मधले नाव आहे त्यांनी मोजून बघावे, कारण न मावणारे नाव तिथे कापले जाते. दुसऱ्या ओळीत क्रमांक, देश, जन्मतारीख, मुदत. आपला पासपोर्ट क्रमांक एक अक्षर आणि सात अंक असा आठ खुणांचा, जागा नऊ. म्हणून शेवटी एक कोनी खूण भरलेली दिसते. ती क्रमांकाचा भाग नाही. विमानाचे तिकीटही या ओळींतल्या नावाप्रमाणेच काढायचे.

शनिवार, ३० ऑगस्ट

पासपोर्टचा अर्ज गेला. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळेल, तो जपून ठेवायचा. आधीच्या व्हिसाचा क्रमांक आणि येण्या-जाण्याचे शिक्के त्यातच आहेत.

नवा हाती येईपर्यंत डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाला हात लावायचा नाही. जुन्या क्रमांकाने भरलेला अर्ज नंतर पुन्हा भरावा लागतो.

शनिवार, २० सप्टेंबर

काल संध्याकाळपासून फोन थांबलेला नाही. एच-१बीच्या पिटिशनमागे एक लाख डॉलर, असा अध्यक्षांचा आदेश आला. रविवारी मध्यरात्रीनंतर एक मिनिटाने, पूर्वेकडच्या वेळेप्रमाणे, तो लागू. मजकूर कोणी पुरता वाचण्याआधीच बातमी सगळीकडे गेली. आमच्या ओळखीतले एक जोडपे सुट्टीवर होते; कंपनीचा निरोप आला की जमेल त्या विमानाने परत या. मुलांना आजीकडे सोडून ते निघाले. रात्रभर त्यांचाच विचार येत होता.

आज दुपारनंतर यूएससीआयएस या पिटिशन मंजूर करणाऱ्या खात्याने खुलासा केला : आदेश लागू होण्याआधी दाखल झालेल्या पिटिशनना हे लागू नाही, ज्यांच्याकडे वैध व्हिसा आहे त्यांच्या येण्या-जाण्यालाही नाही. माझे पिटिशन २०२४ मध्ये दाखल झालेले. तरीही आज फाइलमध्ये एक कागद वाढवला. मंजुरीची नोटीस होतीच. आता पिटिशन पोचल्याची पावतीही तिच्या मागे लावली. पिटिशन कधी दाखल झाले हे कोणी विचारले, तर पावतीवरची तारीख दाखवता यायला हवी. कालपर्यंत ती पावती मला निरुपयोगी वाटत होती.

नवरा म्हणाला, "जाणे रद्द करायचे का?" मी नाही म्हटले. मात्र तिकिटे तारीख बदलता येतील अशीच घ्यायची, हे आज ठरले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

नवा पासपोर्ट आला. पाकीट उघडल्यावर आधी त्या दोन ओळी वाचल्या, मग फोटो बघितला. सगळे बरोबर.

लगेच फोटो काढून घेतले : दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही, सहा महिन्यांच्या आतले. मग डीएस-१६० भरायला बसलो. अर्जाचा क्रमांक आधी वहीत लिहून घेतला, कारण वीसेक मिनिटे हालचाल झाली नाही की पान बंद होते, आणि क्रमांक नसेल तर भरलेले शोधायचे कुठे?

भरताना अडकले ते आईच्या जन्मतारखेवर. आईची तारीख १ जून. तिच्या धाकट्या बहिणीचीही १ जून. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची हीच तारीख आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनची एक तारीख लिहून टाकली. आई खरी जन्मली श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, असे आजी सांगायची. अर्जात आपण काय लिहायचे? मी १ जून लिहिले. तिच्या पासपोर्टवर, आधारवर तेच आहे, आणि माझ्या आधीच्या अर्जातही तेच गेले आहे. पाच मिनिटे वाईट वाटत राहिले, पण अर्जात सरकारी कागदावरचीच तारीख जायला हवी.

गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. दोन चालू, एक विसरलेले, तिन्ही लिहिली. गेल्या पाच वर्षांत गेलेले देश, अमेरिकेतल्या शेवटच्या पाच प्रवेशांच्या तारखा, हे जुन्या पासपोर्टवरून काढले. पानोपानी छापून फाइलला लावले, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल.

फी दोघांची प्रत्येकी २०५ डॉलर. मुलाखतीची तारीख मिळाली : बुधवार, १७ डिसेंबर. अर्जाचा बारकोड क्रमांक आणि तारीख घेताना दिलेला क्रमांक एकच असला पाहिजे. दुरुस्ती म्हणून नवा अर्ज भरला तर तिकडेही बदलायचा.

शनिवार, १८ ऑक्टोबर

कंपनीच्या वकिलाकडून पिटिशनची पूर्ण प्रत आली. बरेच जण फक्त नोटीस घेऊन जातात. मी आज सगळे पिटिशन बसून वाचले, आणि ते आधीच वाचायला हवे होते असे वाटले. माझ्या कामाचे वर्णन त्यात कंपनीने लिहिले आहे. मुलाखतीत "तुम्ही काय काम करता" असे विचारल्यावर माझे उत्तर त्या वर्णनाला धरून असायला हवे. पाठ केलेले नको, पण वेगळेही नको.

वाचताना एका जागी थांबले. एलसीएवर, म्हणजे पिटिशनआधी कंपनीने कामगार खात्याकडून मंजूर करून घेतलेल्या अर्जावर, कामाचे ठिकाण म्हणून ऑफिसचा पत्ता आहे, आणि मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. २०१५ च्या सिमीओ या एच-१बीवरच्या निकालानंतर हे स्पष्ट आहे की कामाची जागा एलसीएतल्या महानगर क्षेत्राबाहेर गेली तर सुधारित पिटिशन लागते. आमचे घर त्याच क्षेत्रात आहे, त्यामुळे ते लागत नाही. पण एलसीएची सूचना घराच्या पत्त्यावरही लावायची असते. ती लावल्याची नोंद वकिलाकडे सापडली. प्रत मागवून फाइलमध्ये घातली.

बाकीचे : नोकरीचे पत्र, शेवटच्या तीन पे-स्लिपा, दोन वर्षांचे डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचे आणि कापलेल्या कराचे वार्षिक पत्रक. पत्रावरचे पद आणि पगार पिटिशनशी ताडून बघितला. पगार आता जास्त आहे, पद तेच.

शनिवार, १ नोव्हेंबर

नवऱ्याचा आणि लेकीचा दिवस.

नवऱ्याकडे एच-४ चे कामाचे कार्ड आहे. ते प्रवासाचा कागद नाही, ते दाखवून आत येता येत नाही. त्याच्या फाइलमध्ये माझीच सगळी कागदपत्रे दुसऱ्यांदा, अधिक विवाह प्रमाणपत्र. आमचे प्रमाणपत्र मराठीत आहे, म्हणून इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याचे सहीनिशी निवेदन. त्याच्या कार्डाची मुदत सप्टेंबर २०२७ ची. परवाच, ३० ऑक्टोबरला नियम बदलला : त्या दिवसापासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांवर ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ मिळणार नाही. म्हणजे पुढच्या वेळी अर्ज करायला उशीर केला तर त्याचे काम मध्येच थांबेल. मार्च २०२७ च्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले.

लेकीचे सोपे असेल असे धरून चालले होते. तिचा अमेरिकन पासपोर्ट मार्चमध्ये नवा झाला, कारण सोळा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) क्रमांक जुन्या पासपोर्टचा. विशीपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांत चढवायचा असतो. तो आम्ही चढवलाच नव्हता. आज चढवला. मोठ्यांच्या कागदांच्या मागे लागून पोरीचा कागद राहिला, याची खंत वाटली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फाइल लागली. तीन कप्पे : मुलाखतीसाठी, परतीच्या विमानतळासाठी, आणि फक्त वेळ आलीच तर. मंजुरीच्या मूळ नोटिसा हातातल्या पिशवीत जातील, सामानात नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

काल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले : १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ च्या सगळ्या अर्जदारांची ऑनलाइन खाती तपासणार, आणि त्यासाठी ती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायची. आमची मुलाखत १७ ला.

खाती अर्जातल्या यादीशी ताडली, तिन्ही जुळतात. उघडी करायला मात्र हात उचलत नव्हता. एका खात्यावर लेकीचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो आहेत. ते फक्त आई-बाबा, दादा-वहिनी आणि मोजक्या मैत्रिणींसाठी होते. नवरा म्हणाला, "फोटो काढून टाकू." मी म्हटले, आता घाईने काही पुसलेले मला नको. शेवटी खाते उघडे केले, आणि आईला फोन करून सांगितले की हे फोटो आता कोणालाही दिसतील. तिने विचारले, "किती दिवस?" मला उत्तर देता आले नाही.

बुधवार, १० डिसेंबर

मेल आली. मुलाखत १७ डिसेंबरऐवजी मंगळवार, २४ मार्च २०२६. भारतातल्या कितीतरी जणांच्या तारखा अशाच पुढे गेल्या आहेत. जुन्या तारखेला गेलात तर आत घेणार नाहीत, असेही स्पष्ट सांगितले आहे.

विमान परवाचे. बॅगा भरलेल्या.

रात्री दोघांनी सगळे पर्याय एकेक करून लिहिले. जाऊन मार्चअखेरपर्यंत तिथेच थांबायचे? माझे काम इतके दिवस परदेशातून करण्याची परवानगी नाही. नोकरी गेली तर ही फाइलच निरर्थक. दुसऱ्या एखाद्या देशात स्टॅम्पिंग? सप्टेंबरपासून आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करायचा, अशी सूचना आहे. आपत्कालीन तारीख? पंचाहत्तरीसाठी ती मागणे मला पटले नाही. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे, त्यांच्यासाठी ती वाट आहे. घरातल्या तिघांपैकी येण्या-जाण्याला मोकळी फक्त लेक, आणि ती पाच वर्षांची.

तिकिटांची तारीख बदलली. आमच्या कागदांत एकही उणीव नव्हती, तरी जाता आले नाही. हे लिहून ठेवते, कारण उद्या कोणी विचारले की एवढी तयारी करून काय उपयोग झाला, तर मला खरे उत्तर द्यायचे आहे : आज मी इथे आहे, माझी नोकरी आहे, आणि मार्चमध्ये काय करायचे ते मला माहीत आहे. निघून गेल्यावर ही मेल आली असती तर मी तिकडे अडकले असते.

बाबांना फोन केला. चाळीस वर्षे त्यांनी सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे कागद लावले. ते एवढेच म्हणाले, "हरकत नाही बाळ. कोणते कागद तारखेने शिळे होतील ते आधी वेगळे काढ."

शनिवार, २७ डिसेंबर

इथले मध्यरात्रीचे औक्षण, तिथली सकाळ. आईने सुपारी आणि अंगठीने बाबांना ओवाळले, लेकीने पडद्याला हात लावून बाबांच्या पायांना नमस्कार केला. सकाळी तिने विचारले की केक कधी कापणार.

बाबांनी सांगितलेली यादी आज केली. नोकरीचे पत्र ऑक्टोबरचे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवे मागायचे. पे-स्लिपा नव्या तीन. डब्ल्यू-२ मध्ये २०२५ चा वाढवायचा, जानेवारीअखेर येईल. फोटो ४ ऑक्टोबरचे, २४ मार्चला सहा महिने होत नाहीत. चालतील, पण अकराच दिवस उरतात, म्हणून तारीख पुन्हा हलली तर नवे काढायचे. डीएस-१६० मध्ये काही बदललेले नाही. नावांचे पान तसेच. पासपोर्ट २०३५ पर्यंत.